बेबीचं मागचं चाक

सन एकोणीसशे एक्क्याऐंशी, आणि मी एकवीस वर्षांचा. त्या वयात माणसाला वाटतं की आपल्याला जे येतं ते दुसऱ्या कोणाला येत नाही, आणि माझ्या बाबतीत ते थोडंफार खरंही होतं. वर्ध्याला नालवाडीच्या नाक्यावर माझ्या मामाचं सायकलचं दुकान होतं. मी सातवीत दोनदा नापास झालो तेव्हा बाबांनी मला दंडाला धरून तिथं आणून बसवलं आणि मामाला म्हणाले, "याच्या हातून काही झालं तं पाह्य, नाई तं भंगारात टाक." पुढं मामाची नजर गेली आणि दुकान मीच पाहू लागलो. वाकडं चाक स्टँडला लावायचं, डोळे मिटायचे, आणि नुसतं बोट तारांवरून फिरवून कोणती तार ढिली आहे ते मी सांगत असे. तारेला सूर असतो, तो कानाला कळतो. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला सेलूपासून लोक माझ्याकडं यायचे. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. बढाई असली तरी असू द्या, कारण या प्रकरणात पुढं माझ्याजवळ बढाई मारण्यासारखं काही उरणार नाही.

आमचं घर दुकानाच्या मागंच. दोन खोल्या, वर कवेलू, पुढं पडवी, आणि पडवीत माझ्या जुन्या रिंगांचा ढीग, ज्यावर माय रोज एकदा ठेचकाळायची आणि रोज एकदा मला शिवी घालायची. पहाटे पहिला आवाज मायच्या भाकरी थापण्याचा. त्यावर मालगाडीची खडखड, आणि मग जिनिंगचा भोंगा. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर होते. दिवसभर आकडे ओरडून घसा बसलेला, म्हणून घरी बोलत नसत. बोलले तर एकच वाक्य, पण ते वर्षभर पुरायचं. जेवायला ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, तिच्यावर कच्चं तेल, आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. हिवाळ्यात सांभार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला की सांभारवडी. ताट आधी बाबांचं, मग माझं, मग बेबीचं, अशी रीत होती. बेबी शर्यती मारायला लागल्यावर मायनं ती मोडली. भिजवलेले चणे आणि गुळाचा खडा आधी बेबीच्या ताटात पडायचा. ते माझ्या ध्यानात राहिलं, आणि अजून आहे. म्हातारपणी माणूस गुडघे विसरतो, औषध विसरतो, पण कोणाच्या ताटात आधी गूळ पडला ते विसरत नाही.

बेबी माझी धाकटी बहीण, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. शाळेत नाव प्रमिला, पण ते फक्त मास्तरांना माहीत. नऊ वर्षांची होती तेव्हापासून दुकानातल्या भाड्याच्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून, कैची मारत, ती बाबांचा डबा जिनिंगला पोचवायची. पुढं सीटवर बसायला लागली तरी डबा तोच आणि घाई तीच. पी.टी.चे झाडे सर म्हणून एक वाळका, उन्हानं करपलेला माणूस होता. त्यांनी तरुणपणी स्वतः शर्यती मारल्या होत्या. एक दिवस ते सायकल हातात धरून, धापा टाकत दुकानात आले आणि मला म्हणाले, "थे पोट्टी कोनाची आहे बे, निळ्या रिबिनीची?"

"माही बहीन आहे. काऊन सर? धडकली का तुमाले?"

"धडकली असती तं बरं झालं असतं. पुलाच्या चढावर मले मांगं टाकून गेली. अन् एका हातात डबा होता तिच्या!"

तिथून सगळं सुरू झालं. रोज पहाटे बेबी सायकलवर आणि सर मागं लुनावर. नालवाडी, पवनार, सेलू, पार केळझरपर्यंत जाऊन परत. परत आली की तिच्या कपाळावर मिठाची पांढरी रेघ असायची. मायनं जुन्या लुगड्याची सलवार शिवली आणि घोट्यापाशी नाडी घातली, म्हणजे साखळीत अडकणार नाही. शेजारची कमलाकाकू मायला कुंपणावरून म्हणाली, "अवं बाई, पोरीले सासरी पाठवतं का सायकलवरच?" माय म्हणाली, "पाठवीन. तुह्या पोरासारखी पायी तं नाई ना जानार." आणि बाबांचं त्या वर्षीचं वाक्य असं होतं: "पोरगी सायकलच्या वर अन् पोरगा सायकलच्या खाली. वा रे माह्या घरचं नशीब."

मी हसलो तेव्हा. पण खाली मी होतो.

पहिल्या शर्यतीत पोरींसाठी वेगळा गट नव्हता, म्हणून सरांनी तिला पोरांत उभं केलं. माइकवाला म्हणाला, "ताई, बाजाराची वाट तिकडं हाये." सगळे फिदीफिदी हसले. बेबी पाचवी आली. मागं जे तीस-बत्तीस राहिले त्यांत माइकवाल्याचा पोरगाही होता. बक्षीस काय द्यावं कोणाला कळेना, तेव्हा एक स्टीलचा डबा दिला. त्याच डब्यात पुढं बाबांची भाकर जाऊ लागली. पुढच्या वर्षी पोरींचा गट निघाला आणि तिच्यासमोर जिल्ह्यात कोणी टिकलं नाही. मग राज्याची रस्त्यावरची शर्यत झाली, पार पश्चिमेकडं, घाटात. तिथल्या पोरींच्या सायकली परदेशी. बेबीची मी दोन सायकली मोडून एक केलेली. वजन कमी करायला मी स्टँड, मडगार्ड, साखळीची पेटी सगळं उतरवलं होतं आणि सीटचे स्प्रिंग कापले होते. ती तिसरी आली. नागपूरच्या पेपरात फोटो आला. फोटोखाली तिचं नाव, सरांचं नाव, शाळेचं नाव, हेडमास्तरांचं नाव. हेडमास्तर सायकलवर बसलेले मी कधी पाहिले नव्हते. चाक कोणी बांधलं ते कोणी लिहिलं नाही. मी तो पेपर दुकानात पंपाखाली अंथरला. मायनं पाहिला आणि माझ्या पाठीत धपाटा घातला.

यानंतर सर म्हणाले, रस्त्यावर नाव होतं, पण नोकरी ट्रॅकवर मिळते. ट्रॅक म्हणजे गोल सिमेंटचं मैदान, कडा वर उचललेल्या. देशाच्या शिबिरासाठी पोरी निवडणार होते. त्यात नाव लागलं की वर्षभर खाणंपिणं, सायकल, शिकवणं सगळं त्यांचं, आणि मागून रेल्वेत नोकरी, म्हणजे जन्मभर पगार घेऊन सायकल चालवायची. आमच्या घरात असं कोणी ऐकलंही नव्हतं. सरांनी कोणा जुन्या दोस्ताला पत्र लिहून वापरलेली ट्रॅकची सायकल मागवली. ती पोत्यात बांधून मालगाडीनं आली. सोडली तर हाडाचा सापळा. ब्रेक नाही. फ्रीव्हीलही नाही, नुसती फिक्स गरारी, म्हणजे चाकाला जखडलेली दातेरी चकती. फ्रीव्हील असलं की पाय थांबवला तरी चाक पुढं पळतं. फिक्सला तसं नसतं. चाक फिरेल तोवर पायडल फिरणारच, आणि तुम्ही पाय रोखला तर सायकल तुम्हाला बैलानं शिंगावर घ्यावं तशी उचलून फेकते. शाळेच्या मैदानावर पहिल्याच दिवशी बेबीनं सवयीनं पाय रोखला आणि ती तुरीच्या काड्यांच्या ढिगात जाऊन पडली. त्यानंतर सरांचा एकच मंत्र झाला, सकाळ-संध्याकाळ: "बेबे, पाय थांबवाचा नाई. आभाळ कोसळलं तरी पाय थांबवाचा नाई." तिनं पुन्हा कधी थांबवला नाही. हे वाक्य नीट वाचा. तिनं पुन्हा कधी थांबवला नाही.

त्या सायकलचे टायर मी जन्मात पाहिले नव्हते. ट्यूब वेगळी नाही. ट्यूब टायरच्या पोटात शिवलेली, आणि ती अख्खी गोल वळकटी रिंगवर चिकटवायची. धरून ठेवायला रिंगेला कडा नाही, टायरला तार नाही. चिकटलं तर टायर, नाही तर दोरी. सर म्हणाले, "गजा, हे कायनं चिकटवतेत मले पक्कं ठाऊक नाई. मी पत्र टाकून इचारतो. दोन-चार दिवस थांबजो."

मी म्हणालो, "सर, चिकटवनं आमचा धंदा आहे. तुमी शिटी वाजवा."

मी पंक्चरचं सोल्यूशन लावलं. एक हात, सुकवलं, दुसरा हात, सुकवलं, तिसरा हात, आणि टायर चढवलं. तो माघ महिना होता. सकाळी बोटं गारठायची. बेबी त्या सायकलवर मैदानात फिरली, सरळ रस्त्यावर फिरली, टायर तसूभर हललं नाही. सरांनी पत्र टाकलंच नाही. माझ्यावर विश्वास ठेवला.

त्याच सुमारास सिंदी रेल्वे नावाच्या गावाहून बेबीला स्थळ आलं. कापडाचं दुकान, माणसं खाऊनपिऊन सुखी, पोरगा दहावी. ते लोक आमच्या पडवीत बसले, पोहे खाल्ले, आणि पोराच्या आईनं रिंगांच्या ढिगाकडं पाहून विचारलं, "पोरगी अजून चालवते का सायकल?" ते लोक गेल्यावर बेबी भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, एक डाव जाऊ द्या मले. नाव लागलं तं?" बाबा सुपारी कातरत होते. मग म्हणाले, "नाव लागलं तं मी सिंदीवाल्यायले जाऊन हात जोडतो. नाई लागलं तं जेठात उरकून टाकतो. मंग रडाचं नाई." बेबी म्हणाली, "नाई रडत." माय चुलीपाशी होती. तिनं भाकर उलटायची सोडून आमच्याकडं पाहिलं, आणि त्या दिवशी भाकर करपली. बाबांनी ती तशीच खाल्ली.

चैत्र संपता संपता आम्ही तिघं निघालो. सर, बेबी आणि मी. मला न्यायची सरांची तयारी नव्हती, तिकडं मिस्त्री असतात म्हणे. मी म्हणालो, बेबीच्या चाकाला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, नाही तर चाक इथंच राहील. मायनं तिखट पुऱ्या आणि लोणचं बांधून दिलं. त्या शहराचं नाव मी लिहीत नाही. त्या शहराचा काही दोष नाही. ट्रॅक पाहिला तेव्हा आमच्या तिघांचंही तोंड उघडं राहिलं. एखादी मोठी सिमेंटची परात जमिनीत पुरावी तसा. वळणावर कडा इतकी उभी की पायी चढताना हात टेकावे लागत.

बेबी म्हणाली, "दादा, हे तं भित आहे."

"भित आहे, पन निजलेली आहे. तू जोरात गेली का तुले धरते."

"अन् हळू गेली तं?"

"तू कधी हळू गेली होतीस?"

ती हसली. तिच्या पुढच्या दातात फट होती, हसली की दिसायची. दोन दिवस तिनं सराव केला, सकाळच्या गार वेळी. तिसऱ्या दिवशी निवड होती. एकेका पोरीनं एकटीनं तीन फेऱ्या मारायच्या, घड्याळावर. चांगल्या चार पोरी घेणार. पोरी बऱ्याच होत्या आणि बेबीचा नंबर दुपारी लागला. ऊन असं की सिमेंटकडं पाहवत नव्हतं. मी तिची सायकल भिंतीला टेकवून शेजारी राखण बसलो होतो, मी सावलीत आणि चाक उन्हात. तिथं एक म्हातारा मिस्त्री होता, पांढरी दाढी, कमरेला चामड्याचा पट्टा, पंजाबकडचा. सगळ्यांच्या सायकली पाहत पाहत तो बेबीच्या सायकलीपाशी थांबला. खाली वाकून त्यानं मागच्या टायरला अंगठा लावला आणि बाजूनं रेटला. मग स्वतःचा अंगठा नाकाशी नेऊन वास घेतला.

"बेटा, ये किससे चिपकाया?"

"सोलूशन से."

"पंक्चर वाला? ये धूप में नरम पड़ता है। मोड़ पे टायर उतर जाएगा। यहाँ चपड़ा लगाते हैं। चल, मेरे पास है। चक्का खोल, आधे घंटे का काम है।"

चपडा म्हणजे लाख, सुतार पॉलिशला वापरतात ती. स्पिरिटमध्ये विरघळवून लावली की दगडासारखी बसते. मला ते समजलं. त्याच क्षणी समजलं, हे मी आज कबूल करतो. मीसुद्धा अंगठा लावला असता तर मला ते टायर रिंगवर गुळाच्या पाकासारखं सरकताना कळलं असतं. मी अंगठा लावला नाही. आजूबाजूला दुसऱ्या पोरींचे मिस्त्री उभे होते, चांगल्या कपड्यातले, आणि ते माझ्या हाफपँटकडं आणि पोत्यातल्या पान्यांकडं सकाळपासून पाहत होते. त्यांच्यासमोर मी चाक खोलून त्या म्हाताऱ्याच्या हातात देऊ? मी म्हणालो, "बाबाजी, हमारे वर्धे में ये धूप को सुबह बोलते हैं। आप अपना चक्का देखो।"

ते मिस्त्री हसले. मला वाटलं माझ्या बोलण्याला हसले. म्हातारा हसला नाही. त्यानं एकदा बेबीकडं पाहिलं, ती दूर सरांपाशी पायाला तेल चोळत होती, आणि तो निघून गेला.

बेबीचं नाव पुकारलं. मी सीट धरून तिला उभं केलं. ती मागं न पाहता म्हणाली, "दादा, चाक?" दर शर्यतीआधी ती एवढंच विचारायची. मी दर वेळी म्हणायचो, "पक्कं." तसंच म्हणालो. पहिली फेरी तिनं अशी मारली की घड्याळवाला उभा राहिला. तिसऱ्या नंबरच्या पोरीपेक्षा ती पुढं होती, दुसऱ्या नंबरच्या बरोबरीला. सर मैदानातून तिच्याबरोबर पळत होते आणि ओरडत होते, "पाय! पाय!" दुसऱ्या फेरीच्या वरच्या वळणावर मी एक आवाज ऐकला. तारांचा सूर ओळखणारा माझा कान. मला तो इतर कोणाच्या आधी ऐकू आला. मांजरपाट फाडताना येतो तसा, फर्र. मागचं चाक तिच्याखालून खाली घसरलं. ती उंच कडेवरून खालपर्यंत खांद्यावर घासत आली. पाय तेव्हाही पट्ट्यांनी पायडलवर बांधलेले होते आणि फिरत होते. पडतानाही तिनं पाय थांबवले नव्हते.

सगळे तिच्याकडं धावले. मी सायकलकडं धावलो.

टायर अर्धं रिंगवरून उतरून लोंबत होतं. रिंगेवर सोल्यूशन ओलं, चकचकीत, बोटाला दोऱ्यासारखं ओढलं जाणारं. मी सायकल उचलली, लोकांकडं पाठ केली आणि दोन्ही अंगठ्यांनी ते टायर परत रिंगवर चढवलं. किती वेळ लागला असेल? पाणी पिण्याइतका. मग सायकल खांद्यावर घेऊन मी गर्दीकडं गेलो. तोवर बेबीला स्ट्रेचरवर घेतलं होतं. तिची हसळी, गळ्याखालचं हाड, मोडली होती, खांद्याचं आणि मांडीचं कातडं सोलून निघालं होतं, आणि ती डोळे उघडे ठेवून आभाळाकडं पाहत होती. सरांनी माझा हात धरला. "गजा, काय झालं? चाक होतं ना बराबर?"

मी म्हणालो, "चाक बराबर होतं सर. तिनं पाय रोखला."

हे वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो. ते तोंडातच तयार होतं, कारण सरांनीच ते माघापासून आमच्या घरात पेरलं होतं. आणि ते पिकलं. निवडणाऱ्यांपैकी एक जण कागद दुमडत म्हणाला, "लड़की तेज़ थी। घबरा के पैर रोक दिया।" दुसरा म्हणाला, "गाँव की है, फिक्स की आदत नहीं।" पंधरा मिनिटांत सगळ्या मैदानाला माहीत झालं की वर्ध्याच्या पोरीनं पाय रोखला. म्हातारा मिस्त्री दूर आपल्या पेटीवर बसला होता. त्यानं माझ्या खांद्यावरच्या सायकलकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी दुसरीकडं पाहू लागलो.

बेबी आज बोरगाव मेघेला असते, लेकाकडं. लग्न जेठात झालं नाही, हात गळ्यात होता म्हणून मार्गशीर्षात झालं, सिंदीच्याच घरी. माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला कधी मारलं नाही, आणि तीस वर्षांत कधी सायकलला हात लावू दिला नाही. डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. वेणी सून घालून देते. पण तोंड तसंच आहे. लग्नकार्यात चार बाया जमल्या आणि कोणी जुनी गोष्ट काढली की ती फट असलेला दात दाखवत म्हणते, "काय सांगू बाप्पा, नशीब दोन फेऱ्यांवर आलतं, अन् माह्याच पायानं घात केला! लाथ मारली मी रेल्वेच्या नोकरीले." सगळे हसतात. मी पंगतीत खाली मान घालून वरण कालवत राहतो. तिची नात आता शर्यतीची सायकल चालवते, डोक्यावर टोप, डोळ्याला रंगीत चष्मा, आणि नेते लोक तिच्यासोबत फोटो काढतात. बेबी रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते आणि तिला ओरडून सांगते, "बाई, मी केलं थे तू नको करू! पाय नको थांबवू!" पोरगी म्हणते, "आजी, याला फ्रीव्हील आहे." परवा मी तिथं उभा होतो. बेबीनं माझ्याकडं वळून पाहिलं आणि म्हणाली, "दादा, तू सांग ना हिले, तू पाह्यलं होतंस." आणि मी सांगितलं. पासष्ट वर्षांचा म्हातारा, पाच जणांसमोर, पुन्हा सांगितलं.

झाडे सर वारले तेव्हा त्यांच्या मुलानं मला सरांची शिटी दिली. ती मी घेतली नाही. लोक म्हणाले, गजा गर्विष्ठ आहे. आहेच. पण शिटी न घेण्याचं कारण ते नव्हतं.

ती पडली त्या संध्याकाळी धर्मशाळेत सर जेवले नाहीत. मायच्या पुऱ्या तशाच राहिल्या. सर म्हणाले, "गजा, मले पटून नाई राह्यलं. ही पोट्टी पाय रोखनारी नाई. सकाळी दवाखान्यात जाच्या आधी मी चाक पाहीन म्हनतो. तुह्यावर शंका नाई बरं, मन मानत नाई म्हनून." मी म्हणालो, "पाहा ना सर. पाहाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर उठायच्या आधी मी मागचं चाक खोललं, टॉवेलात गुंडाळलं आणि ट्रॅकवर गेलो. म्हातारा मिस्त्री नळावर दाढी धूत होता. काल ज्याला मी सगळ्यांसमोर सुनावलं होतं त्याच्यासमोर मी चाक ठेवलं आणि हात जोडले. आयुष्यात बाबांसमोरही जोडले नव्हते. त्यानं टॉवेल बाजूला केला, टायर पाहिलं. त्यानं विचारलं, "लड़की कैसी है?" मी म्हणालो, "हड्डी टूटी।" तो आत जाऊन चपड्याची शिशी आणि ब्रश घेऊन आला. माझ्या हातात देताना एवढंच म्हणाला, "कल लेना था, बेटा।"

तिथंच बसून मी रिंग खरवडली, पुसली, चपडा लावला, सुकवला, पुन्हा लावला, टायर चढवलं, सरळ केलं. इतकं सुंदर चाक मी त्याआधी बांधलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. परत आलो तेव्हा सर ओट्यावर चपला घालत होते. त्यांनी चाक मांडीवर घेतलं, टायरला अंगठा लावला, एका बाजूनं रेटलं, दुसऱ्या बाजूनं रेटलं. टायर दगडासारखं. त्यांनी चाक खाली ठेवलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, "माफ कर गजा. उगाच शंका आली."

मग आम्ही दवाखान्यात गेलो. सर डॉक्टरला भेटायला थांबले, मी एकटा तिच्या खाटेपाशी गेलो. खांदा पट्ट्यांनी बांधला होता. मला पाहून तिनं ओठ चाटले आणि हळूच विचारलं, "दादा, चाक?"

मी म्हणालो, "पक्कं. सरायनं आताच अंगठा लावून पाह्यला. हलत नाई."

तिनं पंख्याकडं पाहिलं. "मले काई आठवतच नाई," ती म्हणाली. "मंग मीच पाय रोखला असंन, नाई का?"

मी म्हणालो, "रोखला असशील." आणि तिच्यासाठी चहा आणायला खाली गेलो.